बावीस वळणं

परबकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते लिफ्टमध्ये वर्तमानपत्र पसरून उताणे झोपले होते. अंधेरी पश्चिमेला, खाडीच्या बाजूला आमचा चौदा मजल्यांचा टॉवर नुकताच उभा राहिला होता. ताबा मिळाल्याच्या पहिल्या आठवड्यात जो तो संगमरवर, इंटरकॉम आणि दारातलं भिंग पाहुण्यांना दाखवत फिरत होता. लिफ्टचं दार आपोआप मिटतं, याचं तर आम्हाला कोण कौतुक! त्या दिवशी ते दार मिटेना. मिटायला यायचं, काकांच्या पोटऱ्यांना लागायचं आणि परत उघडायचं. मी नवाकोरा सेक्रेटरी. म्हातारा चक्कर येऊन पडला असं वाटून धावत गेलो.

"पाय भायर रवतत रे," ते पडल्या पडल्या म्हणाले. मग उठले, लेंगा झटकला आणि मला नीट न्याहाळलं. "सेक्रेटरी तूच ना? मग माका सांग, हयसून आडवो माणूस कसो उतरवतलास?"

मी हसलो. घरी जाऊन बायकोला हा किस्सा सांगितला, तीही हसली.

काकांचा जन्म गेला लालबागच्या चाळीत आणि गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर. संपात गिरणी सुटली. दुबईला असलेल्या मुलानं आईवडिलांसाठी अकराव्या मजल्यावरची ही जागा घेतली. नलूकाकूंना त्याआधीच अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, बोलणंही तुटक झालं होतं. त्या दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसून खाडीकडे बघत असत. काका त्यांची वेणीसुद्धा घालत, आणि ती चांगली घालत.

चाळीत कुणी गेलं की पहिली हाक परबांना असे. आठ फुटांचे दोन बांबू आणि दोन्ही कडांना शिवण घातलेली जाड सतरंजी, एवढं त्यांचं सामान. कडांतून बांबू घातले की झोळी तयार. तिच्यातून माणूस चार मजल्यांच्या लाकडी जिन्यावरून धक्का न लागता खाली येई. चाळ सोडताना पलंग, कपाट, पाणी तापवायचा बंब, सगळं काकांनी वाटून टाकलं. हे बांबू मात्र आणले, आणि लिफ्टमध्ये मावेनात म्हणून अकरा मजले चढवून आणले.

"जिन्यात ताकद लागत नाय," ते मला सांगत. "पाय पुढे, डोकं वर. वळणावर आतल्यानं थांबायचं, भायरल्यानं चालायचं. आपल्या जिन्याला बावीस वळणं आहेत. मोजलीत मी."

मला हे सगळं विचित्र वाटे. नव्या घरात माणूस पडदे बघतो, रंग बघतो, हे काय?

पहिल्याच वर्षी आठव्या मजल्यावरचे एक शेठ गेले. काका झोळी घेऊन हजर झाले, पण आठ मजले जिन्यानं न्यायला कुणी तयार होईना. शेवटी शेठना चादरीत गुंडाळलं, लिफ्टमध्ये उभं केलं आणि दोन्ही बाजूंनी दोघांनी धरलं. मी तिथंच होतो. लिफ्टच्या आतल्या आरशात शेठची झुकलेली मान दिसत होती. काकांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. पुढ्यातला चहा तसाच निवून गेला. मग म्हणाले, "आयुष्यभर पायावर उभा राहिलेला माणूस. मेल्यावर तरी त्याला आडवा होऊ द्या की रे! माझ्या नलूला मी अशी नेऊ देणार नाय. तिला जिवंतपणी उभं राहता येत नाय, आणि मेल्यावर तुम्ही उभी करणार?"

त्या दिवसापासून त्यांना हा एकच घोर लागला. आपल्यामागं नाही, आपल्या डोळ्यांदेखत काकू जातील असंच ते धरून चालले होते. बिल्डरनं मोठ्या लिफ्टसाठी एक जागा रिकामी सोडली होती. तिथं स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट बसवा, असा ठराव त्यांनी सभेत मांडला. त्याच सभेत खालच्या लॉबीत कारंजं करायचा विषय होता. काका उभे राहून "आडवा माणूस" एवढं म्हणाले मात्र, मागून एक बाई करवादल्या, "शुभ बोला हो जरा! नव्या वास्तूत काय हे?" मी काकांना बसायची खूण केली. कारंजं मंजूर झालं. काकांच्या ठरावापुढं मी स्वतःच्या हातानं 'विषय तहकूब' असं लिहिलं.

मग ते दारोदार फिरू लागले. बेल वाजवायची, भिंगासमोर उभं राहायचं आणि आतून साखळी लावून दार किलकिलं झालं की म्हणायचं, "मी अकराव्या मजल्यावरचा परब. तुमचा हात लागेल एक दिवस. द्याल ना?" काहींनी दार लावून घेतलं. काही जण नुसतं "हो हो" म्हणाले. काका प्रत्येक "हो" खरा धरून वहीत मजल्याप्रमाणं नाव लिहीत. जिन्यात कुणी काही ठेवलेलं मात्र त्यांना खपत नसे. कुंड्या, सायकली, जुन्या टीव्हीचे खोके, सगळं उचलायला लावत. माझ्या चौथ्या मजल्याच्या वळणावर आमचं चपलांचं रॅक होतं. त्याबद्दल ते मला पाच वेळा तरी बोलले असतील.

"सेक्रेटरी, ता रॅक काढ."

"काढतो काका, या रविवारी."

लोकांच्या तक्रारी वाढल्या. म्हातारा घरोघर मरणाच्या गोष्टी करतो, मुलं घाबरतात. कमिटीनं ठरवलं आणि मी काकांना रीतसर नोटीस दिली. त्यांनी चष्मा लावून ती शांतपणे वाचली, खाली 'मिळाली' असं लिहून सही केली आणि नोटीस घेऊन आलेल्या मला काकूंच्या शेजारी बसवून कोकम सरबत पाजलं. त्या सरबताची मला आजही लाज वाटते.

गेले मात्र काका. सकाळी काकूंची वेणी घालता घालता खाली बसले ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलगा विमानतळावरून थेट घरी आला. घर माणसांनी भरलं होतं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "खुर्चीत बसवून लिफ्टनं नेऊ या, दोघं धरतील. दोन मिनिटांचं काम."

काकूंनी चांगला हात खुर्चीच्या दांडीवर आपटला. त्यांचे ओठ बराच वेळ हलत राहिले, मग शब्द फुटला.

"उभो... नाय."

मी कपाटामागून बांबू काढले. वही टेलिफोनच्या खाली होती. इंटरकॉम उचलला आणि पहिल्या नावापासून सुरुवात केली. कुणी येईल असं मला वाटत नव्हतं. पण पायऱ्यांवर पावलं वाजू लागली. ज्यांनी दार लावून घेतलं होतं त्यांच्यातलेही दोघे आले. काकांनी लिहून ठेवल्याप्रमाणं दर दोन मजल्यांनी हात बदलत आम्ही काकांना उतरवू लागलो. पाय पुढं, डोकं वर. प्रत्येक वळणावर मी म्हणत होतो, "आतल्यानं थांबा, बाहेरच्यानं चला." ते शब्द माझ्या तोंडी कसे आले, मला कळलं नाही.

चौथ्या मजल्याच्या वळणावर बाहेरचा कोपरा माझ्या हातात होता. मी पाऊल टाकलं आणि थांबलो. पुढं जायला जागाच नव्हती.

"काय झालं?" वरून मुलानं विचारलं. वडिलांचं डोकं त्याच्या बाजूला होतं.

मी पायानं रॅक ढकललं. ते कलंडलं. माझे ऑफिसचे बूट, बायकोच्या सँडल, मुलीचे शाळेचे बूट एकामागोमाग पायऱ्यांवरून गडगडत खाली गेले.

"कुणाचं आहे हे?" कुणीतरी चिडून ओरडलं.

"माझं," मी म्हणालो.

आम्ही त्या चपलांमधून वाट काढत उरलेली वळणं उतरलो. लॉबीत कारंजं चालू होतं. वॉचमननं धावत जाऊन ते बंद केलं.

मुलानं काकूंना दुबईला चला म्हणून खूप विनवलं. त्या गेल्या नाहीत. गावाकडून आलेली भाची त्यांच्याजवळ राहिली. बांबू पुन्हा कपाटामागं गेले आणि वही माझ्याकडं आली.

दोन वर्षांनी काकूही गेल्या. मी वही घेऊन इंटरकॉमपाशी गेलो, तर दाराबाहेर माणसं येऊन उभी होती. झोळी उचलली. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी होती, जिन्यात एक कुंडीसुद्धा नव्हती. अकराव्या मजल्यापासून खालपर्यंत काकूंना घेऊन आम्ही कुठंच थांबलो नाही.