एक वीत लांब

फोन आला तेव्हा मी नवा रायपुरला ऑफिसात होते. दुपारचे चार वाजून गेले होते. आई म्हणाली, "सुनी, तुह्ये बाबा बोलून नाही राहिले." असं ऐकल्यावर माणूस काय विचारतो? कधीपासून, शेजारच्यांना बोलावलं का, श्वास चालू आहे का... मी विचारलं, "कुठं बसले होते?" आईला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, मी पुन्हा तेच विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "कॉर्नरपाशी. अजून कुठं बसतीन?" ऑफिसातून घरापर्यंतचे ते रुंद, रिकामे रस्ते मी कसे पार केले ते आठवत नाही. दुःखानं नव्हे, भीतीनं. आज दीड महिन्यानंतर हे लिहायला मला लाज वाटत नाही. बाबा गेले असतील ही भीती होतीच, पण ते माझ्यामुळं गेले असतील ही त्याहून मोठी होती.

आमचे बाबा रायपुरजवळच्या उरला इथल्या एका रोलिंग मिलमध्ये तीस वर्षं होते. लाल झालेली सळई रोलमधून सापासारखी सुटते, तिला चिमट्यानं धरून पुढच्या रोलात घालायचं, हे त्यांचं काम. मिलनं त्यांना भाजलं नाही, पण कान नेले. आधी बारीक आवाज गेले. चिमणी गेली, फोनची घंटी गेली, मग आईच्या बांगड्या आणि शेवटी आईचा आवाजच गेला. आई म्हणायची, बरं झालं, तसंही ऐकत कुठं होते. जड आवाज मात्र उरले. ट्रक, ढोल, तबल्याचा डग्गा. गाणं लावलं की ते म्हणायचे, "गानारा गेला, डग्गा येऊन राहिला." मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी मान वर करून सांगते, कारण बाबाही कोणी न विचारता सगळ्यांना सांगायचे, अगदी गॅसवाल्या भैयालासुद्धा. त्यांना हिंदी-मराठी वाचता यायचं, तरी घरात आलेला कुठलाही कागद मी वाचल्याशिवाय त्यांच्या लेखी खरा नसायचा. औषधाची पट्टी, विजेची नोटीस, लग्नपत्रिकासुद्धा. "सुनीनं वाचलं का? मंग ठीक आहे."

रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं की उरलेल्या डग्ग्यासाठी चांगली सोय करायची. वरातीत वाजवणाऱ्या एका धुमाल पार्टीनं टाकून दिलेला बारा इंची स्पीकर कुठून तरी आणला. त्याचा फाटका पडदा पातळ कागद आणि डिंक लावून स्वतः सांधला. पण आईनं साफ सांगितलं की बैठकीत काळा डबा ठेवला तर मी माहेरी वर्ध्याला जाईन. बैठकीच्या कोपऱ्यात तिचा लाडका कॉर्नर होता, सदर बाजारातून आणलेलं सागवानी नक्षीचं उंच टेबल. खाली तिन्ही बाजूंनी जाळी, वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लास्टिकच्या गुलाबांची फुलदाणी. बाबांनी महिनाभर त्या कॉर्नरला हात लावायची परवानगी मागितली. मिळाली, ती जाळीला ओरखडा येणार नाही या अटीवर. मग आतून जाड प्लायवुडची पेटी बसवली, प्रत्येक सांध्यात लाकडाचा भुसा आणि डिंक भरला, हवा निसटू नये म्हणून मेणबत्ती धरून तपासलं. ज्योत हलली की पुन्हा डिंक. जुन्या उशीचा कापूस आत गेला. शेवटी काळं कापड लावून स्पीकर जाळीमागं असा बसवला की बाहेरून काही दिसेना. पहिल्या दिवशी मावशी आली होती. बाबांनी भजन लावलं आणि फुलदाणी रुमालावरून हळूहळू सरकायला लागली. मावशी बशी टाकून अंगणात पळाली, भूकंप म्हणून. आई हसून हसून खाली बसली. बाबा मात्र हसले नाहीत. ते कॉर्नरला छाती टेकून, दोन्ही हातांनी त्याला कवळून उभे होते. कितीतरी वर्षांनी त्यांना तालात मान हलवताना मी पाहिलं.

पुढं दोन वर्षांनी त्यांचं हृदय मंद पडलं. डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसला. दवाखान्यातून सुटताना त्याचं इंग्रजी पुस्तक हातात दिलं, आणि ते वाचायला घरात मी एकटी. रात्री जेवणं झाल्यावर मी एकेक ओळ वाचून सांगत होते. एका ओळीवर माझी जीभ अडखळली. स्पीकरचं लोहचुंबक छातीपासून सहा इंच तरी दूर ठेवा. मी बाबांकडं पाहिलं, मग कोपऱ्याकडं. बारा इंची स्पीकरच्या पाठीवर दोन्ही हातांनी उचलावं लागेल एवढं चुंबक होतं. मी सांगितलं, आता त्याच्यापासून एक वीत लांब राहायचं. बाबांनी विचारलं, "कोनाची वीत? तुही का माही?" मी म्हटलं, तुमची, ती मोठी आहे. ते "हव" म्हणाले आणि विषय संपला.

त्यांच्यासाठी संपला. मी ऑफिसात बसले की मला कॉर्नर दिसायचा. मी दिवसातून तीनदा आईला फोन करायची, बाबा कुठं बसले, किती लांब बसले. आई चिडायची. म्हणायची, टेप घेऊन मापू का? एका शनिवारी मी लवकर घरी आले आणि दारातूनच दिसलं, बाबा पाठमोरे, कॉर्नरकडं वाकलेले, डोकं जाळीच्या दिशेनं झुकलेलं... मला वाटलं, छाती जाळीला टेकलीच. मी जवळ न जाता दारातूनच स्वयंपाकघराकडं वळले. दुसऱ्या दिवशी ते अंघोळीला गेले तेव्हा कॉर्नर पुढं ओढला, मागून आत जाणारी स्पीकरची वायर उपटली, तार दिसू नये म्हणून आत दाबली आणि कॉर्नर होता तिथं ढकलला.

बहिऱ्या माणसाचा स्पीकर बंद केला तर त्याला काय वाटेल, याचा मी विचारच केला नव्हता. कॉर्नरशेजारच्या अॅम्प्लिफायरचा लाल दिवा लागतच होता. भजन टीव्हीतून बारीक वाजतच होतं, ते त्यांना तसंही ऐकू येत नव्हतं. पहिले दोन दिवस त्यांनी बटणं फिरवून पाहिली. मग फिरवणं सोडलं. मग रोज चार वाजता तिथं बसायची सवयच सोडली. आठव्या दिवशी आई स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "तुह्ये बाबा काल मले म्हनत होते, उरलंसुरलं होतं तेही गेलं. आता मी पुरा झालो म्हने." तव्यावरची पोळी तशीच सोडली. मी बाहेर गेले आणि बाबांच्या कानाशी तोंड नेऊन वायर मीच काढली हे ओरडून सांगितलं, कारण त्यांना काहीही सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागायचं. माझी चूक साऱ्या पाऱ्यानं, अख्ख्या मोहल्ल्यानं ऐकली असेल.

बाबा उठले, आत गेले आणि एक लाकडी दांडा घेऊन आले. दीड वीत लांब, दोन्ही टोकं घासून गुळगुळीत केलेला. मिलमध्ये बेअरिंग खराब झालंय का हे ओळखायला जुने कामगार असा दांडा यंत्राला लावून दुसरं टोक जबड्याच्या हाडाला टेकवतात. आवाज हाडातून कळतो. माझं ते पुस्तक वाचून झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो करून घेतला होता. त्या शनिवारी ते वाकलेले होते ते दांड्यावर. मी दारातून फक्त पाठ पाहिली होती.

"तीस वर्षं भट्टीसमोर उभा राह्यलो," ते म्हणाले. "किती लांब उभं राहाचं ते मले कोन्या कागदानं नाही सांगतलं. तरी तू वाचलं त मी मानलं. मंग तू माह्यावर भरोसा काहून नाही केला?"

मी कॉर्नर ओढला, वायर जोडली. दोनदा चुकली. बाबांनी दांडा लावला, डोळे मिटले आणि थोड्या वेळानं मान हलायला लागली. तेव्हापासून अकरा महिने ते रोज चार वाजता तिथं बसले आणि अकरा महिने मी रोज चार वाजता ऑफिसात घड्याळाकडं पाहिलं. भरोसा केला. भीती गेली नाही.

आणि त्या दिवशी फोन चारनंतरच आला.

दहनाआधी पेसमेकर काढावा लागतो, आगीत तो फुटतो. काढायला आलेल्या माणसाला मी बाजूला घेऊन विचारलं, यात काही कळतं का, चुंबक जवळ आलं होतं का... मावशी म्हणाली, आता विचारून काय होनार पोरी. पण मी पुस्तक वाचलं होतं, वायर मी जोडली होती, मला कळायलाच हवं होतं. पाच दिवसांनी त्यानं दवाखान्यात बोलावलं. जिना चढताना मी कठडा धरून दोनदा थांबले. त्यानं कागद पुढं केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी समोरचा कागद वाचला नाही. म्हटलं, तुम्हीच सांगा. तो म्हणाला, "मशीन आख़िर तक ठीक चली, दीदी. मॅग्नेट का कुछ नहीं है. अटॅक बड़ा था." मी तिथंच बाकावर बसले आणि सगळ्यांसमोर रडले. घरचे म्हणतात, बाबा गेल्यावर मी रडले ती तेव्हाच.

भीती आता जायला हवी होती. पण महिनाभर कॉर्नरच्या बटणाला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. मागच्या रविवारी आईच म्हणाली, लाव ना व, घर किती गप्प बसून राहिलं. मी लावलं. फुलदाणी सरकायला लागली तशी आई उठून कॉर्नरपाशी आली आणि एक हात नक्षीवर ठेवून उभी राहिली. इतकी वर्षं त्या धडधडीला ती नावं ठेवत होती. तिच्या छातीत काही बसवलेलं नाही, मला माहीत आहे. तरी मी म्हटलं, "आई, थोडी लांब हो."

तिनं का म्हणून विचारलं नाही. हात तसाच ठेवून एक वीत मागं सरकली.