शेवटच्या रांगेतला हात

आमची नीला भांडत नाही, हीच माझी तक्रार आहे. भाजीवाल्याने सडका टोमॅटो घातला तरी "रहने दो भैया" म्हणून पुढे जाते. बायको म्हणून सोयीचं आहे, पण बघवत नाही. लग्न करून पुण्याहून इथे गाझियाबादला आली, एका शाळेची लायब्ररी सांभाळू लागली आणि आठवी-नववीच्या पोरांसाठी चक्क हिंदीत कादंबरी लिहिली. मराठीत लिहून वाचणार कोण? त्याच शाळेत नववीत असलेली आमची मुलगी वल्लरीच 'खोडसाळ म्हणजे काय' विचारते.

कादंबरी एका भुताची. शाळेतून काढून टाकलेली मुलगी मेल्यावरही शेवटच्या बाकावर येऊन बसते. "काही शंका?" असं बाईंनी विचारलं की अख्खा वर्ग गप्प, हिचा एकटीचा हात वर. मोठ्यांना ती दिसत नाही, मुलांना दिसते. शेवटी सगळा वर्ग तिच्याबरोबर हात वर करतो. दर शनिवारी नीला लायब्ररीत एकेक प्रकरण वाचायची आणि पोरं डबे न उघडता ऐकत बसायची.

शाळेने पुस्तक छापायचं ठरवलं. प्रिन्सिपल मॅडमना शेवट तेवढा खटकला. मुलांनी भुताच्या शांतीसाठी प्रार्थना करावी, भुताने जावं आणि सगळ्यांनी अभ्यासाला लागावं, असं त्यांचं म्हणणं. नीला नाही म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा अडून बसली. मला इतका आनंद झाला की मी जिलबी आणली. मॅडम म्हणाल्या, "देखते हैं." दिल्लीच्या हवेत इतकी वर्षं काढूनही हिला वाटलं, विषय संपला.

प्रकाशनाला मी मानेसरच्या कंपनीतून अर्धी सुट्टी टाकून आलो. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांना, लेखिका शेवटच्या रांगेत, कारण ती स्टाफ. प्रती वाटल्या गेल्या. नीलाने आधी शेवटचं पान उघडलं. प्रार्थना छापलेली होती, आणि वर नाव हिचं. माझं डोकंच सणकलं.

"ऊठ आणि बोल," मी म्हटलं.

"अहो, हळू," ती म्हणाली.

तेवढ्यात मॅडमनी माइकवर रीतीप्रमाणे विचारलं, "किसी को कुछ पूछना है?"

नीलाने हात वर केला. चांगला ताठ. मॅडमची नजर तिच्यावरून खांबावरून फिरावी तशी फिरली. "नहीं? तो चलिए, चाय लेते हैं."

पोरं मात्र मागे वळली. अख्खी नववी तिच्याकडे बघत होती. आता एक तरी हात वर जाईल म्हणून मी श्वास रोखून बसलो. रांगेच्या टोकाला उभे असलेले सर नुसते खाकरले आणि सगळ्या माना पुढे झाल्या. वल्लरीचीसुद्धा. लाज वाटली मला, काय सांगू.

पाहुणे चहाला गेले, वर्गांच्या ओळी दाराकडे निघाल्या. नीलाचा हात वरच होता. मग ओळीतून वल्लरी बाहेर पडली, सर हाका मारत राहिले, ती आईशेजारी येऊन बसली आणि तिने हात वर केला.

विचारायला दोघी बसलेल्या, आणि व्यासपीठावर एक माणूस नाही. मॅडम बाहेर समोसे खात होत्या.