डोशातल्या दुधीने माझा शब्द घालवला

मंडळी, सकाळची गोष्ट आता संध्याकाळी लिहितोय, माफ करा. राग निवळेना.

माझी नात इरा सहा वर्षांची. दहीभात, डोसा आणि केळं सोडून कशाला हात लावत नाही. सुनेने कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि डोशाच्या पिठात दुधी वाटून घातला. मला म्हणाली, "मामंजी, तुम्हीच भरवा. तुमचं ऐकते ती."

इराने विचारलं, "ताता, यात काही घातलंय?"

मी म्हणालो, "नाही गं."

दुसऱ्याच घासाला वाटणातून निसटलेली दुधीची अख्खी बी निघाली. ती तळहातावर धरून पोर आमच्या इथल्या कन्नडात म्हणाली, "ताता, सुळ्ळु!" म्हणजे मी खोटं बोललो. आणि ताट सरकवून उठली.

वर मुलगा हसतो! "अप्पा, भाजी पोटात गेल्याशी मतलब." अरे, भाजी तरी कुठे गेली? आणि माझा शब्द गेला त्याचं काय?

मी सातवी नापास माणूस. पण पोरांना फसवून खाऊ घालायला शिकवणाऱ्यांना कुणी शहाणं म्हटलं?

मघाशी मी तिला केळं सोलून दिलं. तिने ते मधोमध मोडलं, आत निरखून पाहिलं आणि परत माझ्याच हातात ठेवलं. केळ्यात कोण काय घालणार हो?

उद्या तिला मंडी मोहल्ल्यातल्या भाजीबाजारात नेऊन तिच्याच हाताने भाजी निवडू द्यावी म्हणतो. की आधी माफी मागू? नातवंडांची माफी कशी मागतात, मला ठाऊक नाही. कुणाला ठाऊक असेल तर सकाळी ती न्याहारीला बसायच्या आत कळवा.