आईची ओटी

आईच्या छातीत गाठ आली. बारामतीहून आगगाडीनं तिला पुण्याला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “गाठीला खुराक पोटातल्या बीजकोशातनं मिळतो. ते काढले तर कदाचित सुकेल.”

आजी आडवी आली. “बाईपणच काढल्यावर राहिलं काय?”

पणदऱ्याच्या रानात उसाला पाणी देणारी आई उसळली. “पाणी तणालाच जात असंल, तर पाट बंद करायचा. तणाची पूजा न्हाय घालायची!”

ऑपरेशन झालं. गाठ आकसली.

संक्रांतीला बायका एकमेकींच्या ओटीत बोरं-गाजरं घालत होत्या. चुलती आईला टाळून पुढं सरकली. आईनं तिचं मनगट धरलं, पदर पुढं केला.

“बीजकोश गेलेत, मी हितंच हाय. घाल!”

चुलतीनं तिच्या पदरात बोरं-गाजरं घातली.

आई आणखी तीन संक्रांती जगली. तिन्ही वेळा ती आधी चुलतीच्याच दारात गेली.