मधुमतीनं भरलेली ओटी

मधुमती हल्ली माझ्याकडे येते, खुर्चीत टेकते, चहा समोर गार होऊ देते आणि न पिताच उठून जाते. या बाईला मी कधी गप्प बसलेली पाहिली नव्हती. माझ्या निम्म्या तक्रारी तिच्या बोलण्याबद्दलच असत. आता वाटतं, बोल बाई, भांड, माझ्या चहात साखर फार आहे म्हणून नाक मुरड, पण अशी बसू नकोस. ती आपणहून कुणाला काही सांगेल असं वाटत नाही, म्हणून मीच सांगते.

जयपूरच्या मुरलीपुऱ्यात आमची घरं समोरासमोर आहेत. माझे यजमान विमा कंपनीत, तिचे वसंतराव बँकेत. मी नवऱ्याच्या बदल्यांबरोबर भांडी बांधत गावोगाव फिरले. मधुमती फिरली नाही. लग्न होऊन कराडहून जयपूरला आली, इथंच बी.एड. केलं, सरकारी शाळेत विज्ञानाची शिक्षिका झाली आणि वसंतरावांची बदली झाली तेव्हा म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी इथंच आहे." वसंतराव निवृत्त झाले, घरी आले, तरी बाई आपली सकाळी डबा घेऊन बसस्टॉपवर.

शाळा जयपूरबाहेर, बगरूच्या पुढच्या एका गावात. तिथं मुलींसाठी सरकारकडून पॅडची खोकी फुकट येतात. येत होती आणि हेडमास्तरांच्या खोलीतल्या कपाटात जाऊन बसत होती. पॅड हवं असलं तर मुलीनं त्या खोलीत जायचं, जिथं चारसहा मास्तर चहा पीत बसलेले असत, आणि सगळ्यांसमोर मागायचं. कोण मागणार? मुली पोटात दुखतंय सांगून घरी जात आणि पुढचे काही दिवस उगवत नसत. सरकारी काम मात्र चोख झालं होतं. खोकी पोचली होती, फोटो निघाला होता. असलं काही ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मधुमतीचीही गेली. फरक एवढाच, की मी घरात भांडी आपटते आणि ती शाळेत जाऊन माणसांना धरते.

तिनं सुताराकडून लाकडाची पेटी करून घेतली, मुलींच्या शौचालयाच्या आतल्या भिंतीला ठोकली आणि खोकी तिच्यात रिकामी केली. हवं तिनं हवं तेवढं घ्यावं. हेडमास्तर म्हणाले, मुली चोरून घरी नेतील. ही म्हणाली, "ले जाने दीजिए सर, घर में भी तो वही लड़की है." पुष्कळ दिवस भांडण चाललं, पण पेटी टिकली, आणि दर महिन्याला गायब होणाऱ्या मुली बाकावर दिसायला लागल्या. त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात हिच्या हाती माइक आला, तर हिनं थेट पाळीवर बोलायला सुरुवात केली. समोर मिलिटरीतल्या, बँकेतल्या, विम्यातल्या बायका, मागच्या खुर्च्यांवर त्यांचे नवरे. सगळे आपापल्या बशीतल्या चिवड्यात काय शोधत होते देव जाणे. "लपवायचं काय त्यात?" हे हिचं पालुपद. घरी येताना मी म्हटलं, "अगं, निदान लोकांचा चिवडा तरी संपू द्यायचास." ती हसत सुटली.

हे पालुपद तिच्या लहानपणापासूनचं. कराडला तिला पहिल्यांदा न्हाण आलं तेव्हा आईनं आणि आत्यांनी हिरवी साडी नेसवून पाटावर बसवलं, ओटी भरली, शिरा केला, शेजारणी दूध घेऊन आल्या. त्या दिवशी आपण कुणीतरी आहोत असं वाटलं, हे ती अजून सांगते. त्यानंतर दर महिन्याला कोपऱ्यात बसवायचे ते मात्र सांगत नाही. लेकीच्या, अनुयाच्या वेळी तिनं तेच सगळं इथं केलं, आम्हां सगळ्यांना बोलावून. अनुया संतापली. "मम्मा, मतलब तू सगळ्यांना बता दिलंस?" म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं. मधुमतीला त्याचंही कौतुकच वाटलं.

शाळेत दहावीला मनभर नावाची मुलगी होती. इकडे मुलींवर मुली झाल्या आणि आता पुरे असं वाटलं, की शेवटचीला हे नाव ठेवतात. काडीसारखी पोर, विज्ञानात तल्लख, मधुमतीची लाडकी. आई नव्हती. बाप देवराम कापडावर ठसे छापायच्या कारखान्यात, आजी पार्वती रंगवलेलं कापड उन्हात पसरायला जायची.

आता जी गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली ती तुम्हाला आधीच सांगते. मनभरचं लग्न झालेलं होतं. मोठ्या बहिणीच्या मांडवात हिलाही उरकून टाकलं होतं. तिला त्यातलं आठवतं ते एवढंच, की खूप झोप येत होती. मुलगी मोठी झाली की मगच सासरी पाठवायची, त्याला मुकलावा म्हणतात. सासरची माणसं विचारायची आणि आजी सांगायची, "अभी तो बच्ची है." आजी खोटं बोलत नव्हती. मनभरला पाळी येऊन बरेच महिने झाले होते आणि तिनं घरात कुणाला वास लागू दिला नव्हता. ना कधी फडकं धुतलं, ना कधी चुलीपासून लांब बसली. शाळेत यायचं, पेटीतलं पॅड घ्यायचं, तिथंच बदलायचं. असं दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेपर्यंत निभावलं की बापाला पुढच्या शिक्षणाचं विचारायचं, एवढाच त्या पोरीचा बेत. राजस्थानातच असलं चालतं असं म्हणून कुणी नाक वर करू नये. आपल्याकडेही कुठं कुठं काय चालतं ते पेपरात येतंच.

थंडीच्या सुट्टीआधी मनभरनं मधुमतीला एकटीला गाठलं. शाळा बंद राहणार, तर थोडी जास्त पॅड नेऊ का? "घर में किसी को पता नहीं है, मैडमजी," एवढं बोलून ती खाली बघत उभी राहिली. "ले जा बेटा, जितने चाहिए," मधुमती म्हणाली. पण त्या वाक्यानं तिच्या काळजाचं पाणी झालं. संध्याकाळी माझ्याकडे आली तेव्हा डोळे भरलेले होते.

"रमा, बिनआईची पोर गं. कुणी तिची ओटी भरली नाही, कुणी गोड केलं नाही. लाजेनं लपवून बसलीय. घरच्यांना कुणीतरी समजावायला नको का?"

इतकी वर्षं या मुलखात काढलेल्या बाईच्या मनात शंका येऊ नये? हा प्रश्न पुढे मी तिच्या तोंडावर फेकलाय. रागानंच फेकलाय. पण ती निघाली होती एका लेकीचं कौतुक करायला, आणि लेकीचं कौतुक म्हणजे काय ते ती कराडला शिकून आलेली होती. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, बेसनाचे लाडू, सगळं तिनं घेतलं. मी स्कूटर काढली.

अंगणात आजी गहू निवडत बसली होती. मास्तरीणबाई घरी आल्या म्हणून तिची धांदल उडाली. मनभरनं पाणी आणलं. मधुमतीनं तिचा हात धरून तिला खाटेवर बसवलं, कुंकू लावलं, ओढणीचा पदर पसरायला लावून त्यात तांदूळ घातले, वर नारळ ठेवला, आणि आजीकडे वळून आनंदानं म्हणाली, "माजी, आपकी पोती बड़ी हो गई है. इसमें छुपाने की कोई बात नहीं, मुँह मीठा कीजिए."

आजी नातीकडे बघत राहिली. मग तिनं नारळाला हात लावून तो कपाळाला नेला आणि शेजारणीला हाक मारली. शेजारीण आली, तिच्यामागून आणखी दोघी आल्या, गूळ वाटला गेला, कुणीतरी गाणं धरलं. "हम तो कब से इसी दिन की बाट देख रहे थे," आजी म्हणाली आणि मधुमतीचे हात हातात घेऊन रडली. मनभर पदरात नारळ घेऊन बसली होती. तिचं तोंड पांढरं पडलेलं मला दिसलं. मधुमतीलाही दिसलं. लाजतेय, असं दोघींनाही वाटलं. परतीच्या वाटेवर मधुमती मागच्या सीटवरून माझ्या कानात ओरडत होती, "बघितलंस ना म्हातारी किती खूश झाली?"

सुट्टी संपली, शाळा भरली, मनभर आली नाही. तिच्या वर्गातल्या मुलीनं सांगितलं, वसंतपंचमीला मुकलावा ठरलाय. मधुमती वर्ग तसाच टाकून तिच्या घरी गेली. देवराम घरी होता. तिनं हात जोडले, परीक्षा तोंडावर आहे म्हणाली, कायद्याची भीती घातली, शेवटी नुसतीच रडली. देवराम भला माणूस होता, आवाजसुद्धा चढवला नाही त्यानं. म्हणाला, "मास्टरनीजी, नारियल तो आप ही लेके आई थीं." सासरकडच्यांना त्यानं तसंच कळवलं होतं, की शाळेतल्या बाईंनी स्वतः घरी येऊन शकुन केला. त्या लोकांना याचा फार अभिमान वाटला होता.

त्या दिवशी मनभर तिच्यासमोर आली नाही.

मधुमतीनं बालविवाहाच्या तक्रारी घेणाऱ्या हेल्पलाइनला फोन केला. माणसं वेळेवर गेली, देवरामला बसवून बोलली, पोरीला अठरा पूर्ण होईपर्यंत पाठवणार नाही असं त्याच्याकडून लिहून घेतलं. आम्हाला हायसं वाटलं. मधुमतीनं मनभरसाठी विज्ञानाच्या टिपणांच्या झेरॉक्ससुद्धा काढून आणल्या. वसंतपंचमी गेली, आणि मग समजलं, की पोरगी आधीच मामाच्या गावी नेली होती आणि तिथूनच सासरी रवाना झाली. पुन्हा तक्रार केली, तर सासरच्यांनी ती इथं नाहीच म्हणून भलताच पत्ता दिला. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा झाली. मनभरचा नंबर असलेल्या बाकावर कुणी बसलं नाही.

मी त्या दिवसांत तिच्यावर खूप चिडले, देवरामवर चिडले, आजीवर चिडले, गूळ खाणाऱ्या त्या बायकांवर चिडले. चिडून काय झालं? मधुमती शाळेत जात राहिली, पेटी भरत राहिली. पण वर्गात पाळीचा धडा आला तेव्हा दुसऱ्या बाईंना म्हणाली, "तुम्ही घ्याल का? मला नाही जमणार."

श्रावणातल्या तीजेला इकडे सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. मनभर आली आहे असं कळलं आणि मधुमती एकटीच बगरूला गेली. मी येते म्हटलं, तर नको म्हणाली. तिथं काय झालं ते तिनं मला काल सांगितलं, भिंतीकडे बघत.

मनभरनं लहरियाची, नागमोडी रेघांची ओढणी घेतली होती, हातावर मेंदी होती. मधुमतीला बघून तिनं वाकून नमस्कार केला, तीजेच्या घेवर मिठाईची बशी पुढे ठेवली आणि पहिलंच विचारलं, "मैडमजी, साइंस का पेपर कैसा आया था?" मधुमतीनं सांगितलं, सोपा होता. "बिजली वाला सवाल आया?" आला होता. मनभर थोडं हसली. तो प्रश्न तिचा अगदी पाठ होता.

मग मधुमतीला राहवलं नाही. ती म्हणाली, मनभर, तू मला तेव्हा खरं का सांगितलं नाहीस? एका शब्दानं जरी सांगितलं असतंस, तरी मी तुझ्या दारात पाऊल टाकलं नसतं.

मनभर रागावली नाही. समजूत घालावी तशा आवाजात म्हणाली, "मैं तो बता देती, मैडमजी. आप घर आने से पहले एक बार मुझसे पूछ लेतीं."

आतून आजीनं हाक मारली, आणि ती बशी उचलून आत गेली.