आप्पांचा थर्मामीटर आणि आभाळ

आमच्या घरात घड्याळाच्या आधी थर्मामीटर आला. माण तालुक्यातलं पत्र्याचं घर, पाणी टँकरचं, वडील वर्षातला बराचसा काळ मेंढरं घेऊन बाहेर, आणि दहावीपलीकडं कुणी गेलेलं नव्हतं. पंखासुद्धा नव्हता. पण थोरले चुलते, आप्पा, फौजेतून निवृत्त होऊन आले ते लाकडी फळीवरचा थर्मामीटर घेऊनच, आणि त्या दिवसापासून उकडतंय की नाही हे आम्ही ठरवायचं नाही, आप्पांनी सांगायचं, असा नियम झाला. काचेच्या नळीवर इतका विश्वास ठेवणारा दुसरा माणूस जगात नसेल. बर्फातल्या ठाण्यावर, थंडी कमी झाली असेल अशा अंदाजानं हातमोजे काढणाऱ्या एका सोबत्याची बोटं गेली होती. तेव्हापासून 'अंदाज' हा शब्द आप्पा शिवीसारखा वापरत.

भिंतीवरचा थर्मामीटर हवेचा, खिशातला माणसांचा. मेंढरांचा तिसरा होता, आणि तो वेगळा आहे हे आजारी पाहुण्याला आधी पटवावं लागे. एकदा भावकीतल्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते मांडवात ओरडले, "बेचाळीस हाय! नवरदेवाचा कोट काढा!" कोट निघाला.

मात्र न टेकवता मोजलेलं त्यांना मान्य नव्हतं. साथीच्या दिवसांत दवाखान्याच्या दारात नर्सबाईंनी त्यांच्या कपाळावर तापाची बंदूक रोखली. "बाई, लांबनं नेम धरून ताप कळतो व्हय? मी खऱ्या बंदुका चालवल्यात." आणि स्वतःचा थर्मामीटर तोंडात धरून दारातच उभे राहिले. मागून कुणीतरी कळवळून म्हणालं, "आवं आप्पा, तुमचा बघून हुईस्तवर आमाला चढायचा!"

मी बी.एस्सी. झाले. घरातली पहिली. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते. सांगलीला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, तेव्हा वडील म्हणाले, "बास झालं. स्थळ आलंय." घरात शेवटचा शब्द आप्पांचा. मी त्यांच्याकडं पाहिलं, तर ते टीव्हीकडं बघत होते. अवकाशातलं तापमान उणे दोनशे सत्तर, असं तिथं कुणी सांगत होतं.

"तिथं हवा न्हाई म्हणतीस," आप्पा म्हणाले. "मग थर्मामीटर टेकवला कशाच्या अंगाला? हे पटव मला, मग बघू सांगलीचं."

वडील निवांत झाले. मी सांगून पाहिलं, की यान उन्हाच्या बाजूला तापतं, सावलीच्या बाजूला गारठतं, आणि त्याच्यावरचा थर्मामीटर यानाचंच तापमान सांगतो. "मग आभाळाचं कोण सांगणार?" आप्पा म्हणाले. प्रश्न बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी भौतिकशास्त्राच्या सरांना विचारून माझ्या कॉलेजातून यंत्रांचं तापमान मोजायची बंदूक आणली. दिवेलागणीला, थर्मामीटर टांगलेल्या भिंतीवरच ती रोखली. दोन्ही आकडे जुळले. आप्पांनी फळीजवळ जाऊन आकडा पुन्हा वाचला. मी म्हणाले, "चुलीपुढं बसलं की तोंड भाजतं ना? चुलीला हात लावावा लागत नाही. प्रत्येक वस्तू ऊब बाहेर फेकते, हे यंत्र ती लांबून मोजतं." मग बंदूक निरभ्र आभाळाकडं वळवली. उणे बारा. "मधी आपली हवा आहे म्हणून एवढंच. हवेच्या वर पाठवलेल्या यंत्रांना रिकाम्या आभाळातनं येणारी ऊब इतकी थोडी मिळते, की हिशेब उणे दोनशे सत्तरला जातो."

आप्पांनी बंदूक घेतली. आभाळ, शेळी, पुन्हा आभाळ. मग हळू आवाजात म्हणाले, "बर्फात पहाऱ्याला हुतो, तवा वर आभाळ मोकळं झालं की हाडं गारठायची. मला वाटायचं, भ्यालोय. ते खरंच गार हुतं व्हय!"

आणि त्यांनी वडिलांच्या कपाळावर नेम धरला. "चौतीस. डोकं गार हाय तवर ऐक रं. पोरगी सांगलीला जाती."

आता आप्पांना फळीवरचे आकडे दिसत नाहीत. संध्याकाळी फोन करतात, "तिकडं किती हाय?" मी सांगलीचं सांगते, आणि मोबाईलवर बघून माणचंही सांगते. माणचं सांगलीतनं कसं कळलं, हे ते आता विचारत नाहीत. नुसतं "व्हय" म्हणतात.

मी एम.एस्सी. झाले. सांगलीतच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते.