दांडीचा बुश आणि बाबांचा कारखाना

लग्न होऊन मी नांदेडला आले तेव्हा घरी मोटार होती, आणि ती जुनी होती. ह्यांनी ती एका जहागीरदाराकडून घेतली होती. जहागीरदारांनी ती भरपूर पळवून, थकवून मगच दिली होती. हे डॉक्टर होते. पार नायगावपर्यंतच्या खेड्यांत रोगी बघायला त्या मोटारीनं जायचे. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं होती, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं? आम्हाला एवढंच ठाऊक होतं की लढाई संपली तरी पेट्रोल परवान्यावरच मिळतं, आणि विलायती गाडीचा भाग मोडला तर तो हैदराबादेतही मिळेल याची खात्री नाही.

त्या गाडीची गिअरची दांडी चालवणाऱ्याच्या उजव्या हाताला, दाराजवळ होती. आमच्या गाडीत ती दांडी सदा डुगडुगायची. गाडी उभी असली तरी बोटानं ढकलली की हलायची, पडायला आलेल्या दातासारखी. खडबडीत सडकेवर तर तिचा खडखडाट इतका व्हायचा की ह्यांना ती मांडीनं दाबून धरावी लागायची. "आतला बुश झिजलाय," हे म्हणायचे. बुश म्हणजे काय, हे मी कधी विचारलं नाही.

पहिल्या दिवाळसणाला आम्ही लातूरला माझ्या माहेरी निघालो. सासूबाईही बरोबर होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. अंगानं बारीक, बोलायला ठणठणीत, आणि कशाचंही भारी कुतूहल. मोटारीत त्या पुढं, ह्यांच्या शेजारी बसल्या. मी मागं, फराळाच्या डब्यांबरोबर.

लोहा गेलं आणि अहमदपूरच्या चढाला लागायच्या आधीच गाडीखाली काहीतरी धाडकन आपटलं. मग लोखंड सडकेवर घासत येत असल्याचा आवाज. ह्यांनी गाडी थांबवली, कोट काढून माझ्या हातात दिला आणि खाली वाकले. दांडीपासून गिअरच्या पेटीकडं जाणारी लोखंडी सळई एका टोकाला सुटून लोंबत होती. तिच्या टोकाच्या भोकात बसणारं एक धातूचं कडं, म्हणजेच तो बुश, झिजून झिजून फुटला होता आणि त्यातली खीळ निसटली होती.

"आता?" आत्याबाईंनी विचारलं.

"आता दुसऱ्या गिअरात अडकलीय. बदलता यायची न्हाई."

"मग चालतच न्हाई का?"

"चालते. बैलगाडीसारखी चालते."

लोंबणारी सळई ह्यांनी सुतळीनं वर बांधली आणि आम्ही तशाच, एकाच गिअरात, लातूरपर्यंत गेलो. इंजन सारखं ओरडत होतं आणि गाडी मात्र हळूहळू चालली होती. कापूस भरलेल्या बैलगाड्या आम्हाला सोबत करत होत्या. देवणीच्या बैलांची एक जोडी बराच वेळ आमच्या बाजूनं चालली. गाडीवान आमच्याकडं बघून हसत होता, आत्याबाई त्याच्याशी पिकापाण्याच्या गप्पा मारत होत्या. लातूरला पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती.

माझे बाबा लातूरच्या एका जिनिंगच्या कारखान्यात इंजनावर होते. सरकी काढायची यंत्रं, त्यांना फिरवणारं तेलाचं इंजन, सगळं त्यांच्या हाताखाली. माझ्या जन्माच्या आधीपासून ते तिथं होते, तरी मी कारखाना आतून कधी पाहिला नव्हता. आईनंही नाही. बायकांनी तिथं कशाला जायचं, असा प्रश्नसुद्धा कुणाला पडत नसे. डबा घेऊन जायला गडी यायचा. आम्हाला बाबा माहीत होते ते घरातले. फार न बोलणारे, जेवताना मान खाली घालणारे, आईनं "मीठ कमी झालं का?" विचारलं तर "चालतंय" म्हणणारे. अंगाला तेलाचा वास, आणि बनियनवर कापसाचे तंतू. माझे बाबा माझ्या लेखी एवढेच होते.

ह्यांनी फुटलेलं कडं बाबांच्या तळहातावर ठेवलं. बाबांनी ते उजेडाकडं धरून फिरवलं.

"हे विकत न्हाई मिळायचं जावईबापू. करावं लागंल."

"होईल?"

"सकाळी गाडी घेऊन कारखान्यावर या. दिवाळीची सुट्टी हाय, सगळं मोकळंच हाय. मालकाला सांगून ठेवतो."

"मलाबी बघायचंय," आत्याबाई म्हणाल्या. बाबा गोंधळले. विहीणबाईंना नाही कसं म्हणायचं, आणि हो तरी कसं म्हणायचं? आत्याबाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू पण चल गं."

अशी मी सकाळी बाबांच्या कारखान्यात गेले.

मोठ्या फाटकातून आत शिरलं की कापूस उतरवायचं भलंथोरलं अंगण होतं, त्या दिवशी रिकामं. त्यापलीकडं लांबच लांब पत्र्याची शेड. आत पाऊल टाकलं आणि मी जागीच थांबले. दोन्ही अंगांना यंत्रांच्या रांगा. वर, छपराखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला एक लोखंडी दांडा. त्यावर चाकंच चाकं, आणि प्रत्येक चाकावरून खालच्या यंत्राकडं उतरलेला रुंद पट्टा. पत्र्याच्या फटींतून ऊन येत होतं आणि त्यात कापसाचा भुगा तरंगत होता. इतकं सगळं आणि इतकं शांत. देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यावर होतं तसं मला झालं. आत्याबाईंनी नकळत पदर डोक्यावर ओढून घेतला.

एका कोपऱ्यात लेथ होता, धातू गोल कातायचं यंत्र. बाबांनी एका जुन्या मोडक्या बेअरिंगचा तुकडा काढला, पिवळा-तांबूस.

"हा कशाचा?" आत्याबाईंनी विचारलं.

"गनमेटल म्हणतात. तांबं अन् कथिल."

"म्हणजे आपल्या काशाच्या वाटीचंच की."

"हाव. तिची बहीणच म्हणा."

मग मला कळलं की लेथही त्या वरच्या दांड्यावरच चालतो. आणि तो दांडा फिरवायचा तर इंजन सुरू करावं लागणार. पायातल्या जोडव्याएवढं कडं करायचं, आणि त्यासाठी सगळा कारखाना जागा करायचा. बाबांना त्यात काहीच विशेष वाटत नव्हतं. ते शेडभर फिरून एकेका यंत्राचा पट्टा काठीनं मोकळ्या चाकावर सरकवत होते, म्हणजे यंत्रं थांबलेली राहतील आणि नुसता दांडा फिरेल.

इंजन पलीकडच्या खोलीत होतं. त्याचं चाक माझ्यापेक्षा उंच. इंजनाच्या डोक्यावरचा लोखंडी गोळा बाबांनी मोठ्या दिव्याच्या फुसफुसणाऱ्या ज्योतीनं तापवायला घेतला. तो काळ्याचा तांबूस झाल्याशिवाय इंजनातलं तेल पेटत नसे. मग बाबांनी ह्यांना आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला चाकाजवळ बोलावलं.

"मी म्हटलं की ओढायचं. अन् मी म्हटलं की हात सोडायचे. उशीर करायचा न्हाई. समजलं?"

असा आवाज बाबांचा मी कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता, पण त्याला 'हो'शिवाय दुसरं उत्तर नव्हतं. ह्यांनी मान हलवली, आणि पहारेकऱ्यासारखाच चाकाला हात घातला.

"ओढा. ... सोडा."

चाक अर्धं फिरलं, थांबलं, मागं आलं. पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा इंजनानं एक जबरदस्त श्वास टाकला. धप्. मग थोड्या वेळानं आणखी एक. धप्. मग धपधप एकसारखी झाली, पायाखालची फरशी थरथरायला लागली, आणि शेडमध्ये तो लांब दांडा फिरायला लागला. सगळे पट्टे एकदम हलले, फडफडले. तुळयांवर साठलेला कापसाचा भुगा हळूहळू खाली यायला लागला. तो आमच्या डोक्यांवर, खांद्यांवर पडत होता. आत्याबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. भीतीनं की आनंदानं, मी विचारलं नाही. मला स्वतःचंही सांगता आलं नसतं.

आणि त्या सगळ्या गडगडाटाच्या मधोमध माझे बाबा लेथसमोर उभे राहिले. धातूला हत्यार टेकलं आणि सोन्यासारखा केस निघाला. लांब, कुरळा, चकचकीत. बाबा माप घ्यायचे, पुन्हा टेकवायचे, बोटानं चाचपायचे, मान जरा तिरकी करून आवाज ऐकायचे. घरात ज्यांच्या हाताला ताट कुठं ठेवावं हे आईला सांगावं लागायचं, तेच हे हात. मी त्यांच्याकडं बघत राहिले. वडील म्हणून ओळखलेल्या माणसाला पहिल्यांदा बघावं तसं मी त्यांना बघत होते.

कडं झालं. त्यांनी एक नवी खीळही कातली, कारण जुनी एका बाजूनं चापट झाली होती. ह्यांनी गाडीखाली आडवं होऊन सळई काढून दिली, बाबांनी तिच्या भोकात कडं ठोकून बसवलं, खीळ घातली, वंगण लावलं. आमच्यासमोर हात पुसत म्हणाले, "झालं. बघा चालवून."

हे गाडीत बसले. पहिला गिअर पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला दांडी टाकली आणि गाडीच्या पोटातून असा कर्कश आवाज आला की अंगणातली कबुतरं उडाली.

बाबांचा चेहरा उतरला. विहीणबाई, लेक, जावई, पहारेकरी, सगळे समोर. ते वाकले आणि स्वतः गाडीखाली शिरले. बराच वेळ नुसते त्यांचे पाय दिसत होते. मग आवाज आला, "जावईबापू, दांडी हलवा जरा. ... हळू. ... पुन्हा."

बाहेर आले तेव्हा पाठीला सगळी माती होती.

"दांडीच्या बुडाशी दुसरा बुश हाय. त्योबी गेलाय. एक बघितला अन् दुसरा बघितलाच न्हाई मी. घाई झाली माझी."

"मलाही सुचलं नाही," हे म्हणाले. "दोघं मिळून पाहू."

दुसरं कडं कातून बसवेपर्यंत दुपार झाली. या वेळी मात्र कुणी 'झालं' म्हटलं नाही. हे गाडी सुरू करून अंगणात हळूहळू फिरायला लागले. पहिला, दुसरा, तिसरा, आणि चौथाही. फार बारीक आवाज व्हायचा, डब्याचं झाकण नीट बसल्यावर होतो तेवढाच. बाबा मान तिरकी करून ऐकत होते. शेवटी नुसतं "हं" म्हणाले.

मग ह्यांनी गाडी माझ्यापाशी आणून थांबवली. उतरले, आणि मला म्हणाले, "बैस."

"मी?"

"कशी झालीय ते हातानं बघ."

मी आधी बाबांकडं पाहिलं, मग आत्याबाईंकडं. त्या म्हणाल्या, "बस की. अंगण मोकळं हाय, कुणाला धडकणार हायस?"

मी बसले. हे दाराबाहेर पायरीवर उभे राहून सांगत होते, पाय कुठं दाबायचा, कधी सोडायचा. मी दांडी धरली. ती आता डुगडुगत नव्हती, स्थिर होती. पुढं सरकवली आणि तळहाताला कळलं की खाली कुठंतरी, मला न दिसणाऱ्या अंधारात, दात दातांत जाऊन बसले. गाडी निघाली. त्या रिकाम्या अंगणात मी एक फेरी मारली. दुसऱ्या गिअरातही गेले. एवढ्याशा कड्यातून इंजनाचं सगळं बळ हाताला कळत होतं. पायाखालचं यंत्र मी म्हणेन तसं ऐकत होतं. हे असं काही जगात असतं, आणि ते माझ्या बापाला करता येतं, एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळी जेवताना बाबा पुन्हा मान खाली घालून बसले. आईनं विचारलं, "काय केलं मग दिवसभर?"

"गाडी दुरुस्त झाली जावईबापूंची."

"एवढंच होय," आई म्हणाली, आणि भाकरी वाढायला वळली.

आत्याबाईंनी हातातला घास खाली ठेवला. "विहीणबाई, तुम्ही कधी गेलाच न्हाईत का तिथं?"

"मी कशाला जाऊ बाई?"

"उद्या जा. इंजन बंद असलं तरी जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चपला घालून दारात थांबून राहिले. आई लुगडं बदलून आली. मी मागून गेले. बाबांनी इंजनाच्या खोलीचं कुलूप काढलं आणि बाजूला झाले. आई त्या चाकासमोर उभी राहिली. ते तिच्यापेक्षाही उंच होतं. तिनं आधी हात पदराला पुसला, मग चाकावर ठेवला. लोखंड थंड असणार.

"हे तुम्ही फिरवता?"

"हाव."

"रोज?"

"रोज."

आईनं मान वर करून चाकाचा वरचा काठ बघितला, आणि मग बाबांकडं बघितलं. बाबा लाजले होते.